मनगटावरचे आकडे आणि तब्येत: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

फिटनेस बँड आणि स्मार्टवॉच यांच्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी ज्यांचा उपयोग इतरांनाही होईल, ते इथे घेतले आहेत.

प्रश्न: वय ५२. शुगर काठावर आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मुलीने बँड घेऊन दिला. तो घातल्याने खरंच फरक पडतो का? (पुणे)

चालणं वाढतं, हे बऱ्यापैकी सिद्ध झालं आहे. २०२२ साली 'द लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये अशा उपकरणांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १ लाख ६४ हजार लोकांची माहिती होती. बँड वापरणारे लोक दिवसाला सरासरी १,८०० पावलं जास्त चालत होते आणि वजन सुमारे १ किलोने उतरलं होतं. वजनातला फरक लहान आहे, पण १,८०० पावलं म्हणजे रोजची १५ ते २० मिनिटं. शुगर काठावर असलेल्या माणसासाठी ती मोलाची आहेत.

पण नुसता बँड बांधून भागत नाही. सिंगापूरमध्ये १३ कंपन्यांतल्या ८०० कर्मचाऱ्यांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. वर्ष संपेपर्यंत बँड वापरणारे सुमारे १० टक्केच उरले होते आणि वजन किंवा रक्तदाबात सुधारणा दिसली नाही. काहींना चालण्याबद्दल रोख बक्षीस मिळत होतं. ते थांबल्यावर त्यांचं चालणंही घसरलं. याउलट, साध्या पावलं मोजणाऱ्या यंत्रांवरच्या २६ अभ्यासांचा २००७ सालचा आढावा सांगतो की रोजचं ठरावीक लक्ष्य समोर ठेवणाऱ्यांची पावलं वाढली. लक्ष्य नसलेल्यांमध्ये तशी वाढ झाली नाही.

म्हणून सुरुवात अशी करा. पहिला आठवडा काहीही बदलू नका. बँड घाला, नेहमीसारखे वागा आणि सात दिवसांची सरासरी काढा. समजा ती ३,८०० आली, तर पुढचे दोन आठवडे लक्ष्य ४,८०० ठेवा. १,००० पावलं म्हणजे साधारण १० मिनिटांचं चालणं. सातपैकी पाच दिवस ते जमलं, तर आणखी १,००० वाढवा. जमलं नाही, तर लक्ष्य तिथेच ठेवा. पहिल्या दिवसापासून १०,०००चा हट्ट धरला की आठव्या दिवशी पोटऱ्या धरतात आणि बँड खणात जातो.

तुमच्या बाबतीत ही जादाची पावलं कधी टाकता, यालाही महत्त्व आहे. न्यूझीलंडमध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ जणांवरचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. दिवसात कधीतरी एकदम ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपल्याकडे रात्रीचं जेवण उशिरा आणि पोटभर होतं, त्यानंतर लोक थेट टीव्हीसमोर बसतात. म्हणून शतपावली शंभर पावलांवर थांबवू नका, हजारपर्यंत न्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल, तर चालणं वाढवण्याआधी शुगर खाली जाण्याच्या शक्यतेबद्दल डॉक्टरांशी बोला.

फरक पडला की नाही, हे मात्र बँडला विचारू नका. तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करा, बीपी मोजा आणि बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर बघा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात.

प्रश्न: वय ६८, गुडघे दुखतात. घड्याळ १०,००० पावलं मागतं, माझी ५,००० होतात. काय करू? (कोल्हापूर)

५,००० होतात याचा आनंद माना. १०,००० हा आकडा कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राबरोबर तो रूढ झाला आणि पुढे घड्याळांमध्ये तसाच राहिला.

तुमच्या वयाच्या स्त्रियांबद्दल चांगली माहिती उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी होतं. पुढे फायदा वाढत गेला आणि ७,५००च्या आसपास स्थिरावला. मुळातच धडधाकट असलेले लोक जास्त चालतात, हेही या आकड्यांत मिसळलेलं आहे. तरी दिशा स्पष्ट आहे. सर्वांत मोठा लाभ खालच्या टोकाला, म्हणजे अगदी कमी चालणारी व्यक्ती थोडं जास्त चालू लागते तेव्हा मिळतो.

घड्याळातलं लक्ष्य बदलून ६,००० करा, ॲपमध्ये ही सोय असते. पावलं तीन-चार फेऱ्यांत वाटून घ्या, चढ-उतार आणि जिने टाळून सपाट रस्ता निवडा. चालताना थोडं दुखलं आणि रात्रीपर्यंत ओसरलं तर हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही गुडघा सुजलेला किंवा जास्त दुखरा वाटला, तर आदल्या दिवशीचं चालणं जास्त झालं असं समजा आणि एक हजाराने कमी करा.

गुडघ्यांसाठी आणखी एक गोष्ट गरजेची आहे आणि ती घड्याळात नीट मोजली जात नाही: मांड्यांची ताकद. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून, जमल्यास हातांचा आधार न घेता, १० वेळा उठा आणि सावकाश बसा. दोन मिनिटं थांबून पुन्हा १० वेळा. आठवड्यातून दोन-तीन दिवस हे करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनातही चालण्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितले आहेत. पावलांच्या नादात हा भाग नेमका राहून जातो.

प्रश्न: स्कूटरवरून ऑफिसला जाऊन आलं की ७००-८०० पावलं वाढलेली दिसतात. उलट बाजारात तासभर फिरले तरी कमी दिसतात. बँड बिघडला आहे का? (नाशिक)

बिघडलेला नाही. बँडमध्ये हालचाल टिपणारा अगदी लहान सेन्सर असतो. चालताना हात ठरावीक लयीत पुढे-मागे होतो. तशी लय दिसली की यंत्र पाऊल मोजतं. पायाशी त्याचा थेट संबंध नसतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर हँडल धरलेलं मनगट हादरत राहतं आणि त्या हादऱ्यांची पावलं होतात. पोळ्या लाटताना, कपडे घासतानाही हेच होतं. बाजारात मात्र दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असतात, हात हलत नाहीत आणि खरी पावलं हुकतात. मॉलमधली ट्रॉली, बाळाची गाडी, जिन्याचा कठडा धरल्यावरही तोच प्रकार.

एकदा तपासून घ्या. हात मोकळे सोडून नेहमीच्या चालीने मनात मोजत २०० पावलं टाका. बँडवर १९० ते २१० दिसली तर यंत्र ठीक आहे. फार फरक असेल, तर 'उजवा हात की डावा हात' ही ॲपमधली नोंद तपासा आणि ज्या हाताने कमी काम करता त्या हातावर बँड घाला. स्कूटरवर तो काढून डिकीत ठेवू नका, तिथेही हादरे बसतातच. प्रवासाची चूक रोज साधारण तेवढीच असेल, तर तिकडे दुर्लक्ष करा. तुम्हाला या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करायची आहे, शेजारणीच्या आकड्याशी नाही.

किलोमीटर चुकत असतील, तर पावलाची लांबी भरा. धावपट्टीची आतली फेरी ४०० मीटर असते. एक फेरी चाला आणि ४०० ला पावलांच्या संख्येने भागा. ५८० पावलं झाली, तर एक पाऊल सुमारे ६९ सेंटिमीटरचं.

प्रश्न: घड्याळ रोज ५०० कॅलरी जळाल्या असं दाखवतं. तेवढा हिशेब ठेवूनच खातो, तरी चार महिन्यांत वजन हललेलं नाही. (ठाणे)

चूक त्या हिशेबात आहे. घड्याळावरचा सगळ्यात कच्चा आकडा कॅलरींचा असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात ६० जणांवर सात उपकरणं तपासली गेली, त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. सातपैकी सहा उपकरणांत हृदयाच्या ठोक्यांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत मात्र सगळ्यात अचूक उपकरणसुद्धा २७ टक्के चुकत होतं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. कारण साधं आहे: कॅलरी मोजल्या जात नाहीत. वय, उंची, वजन, ठोके आणि हालचाल यांवरून त्यांचा अंदाज बांधला जातो आणि प्रत्येक शरीर त्या सूत्रात बसत नाही.

त्यात आणखी एक गफलत होते. ७० किलोचा माणूस तासभर बऱ्या वेगाने चालला, तर सुमारे २४५ कॅलरी खर्च होतात. पण तो तासभर नुसता बसला असता तरी ७०च्या आसपास खर्च झाल्याच असत्या. म्हणजे चालण्याची खरी जादा कमाई १७५च्या घरात. एका वडापावात साधारण ३०० कॅलरी असतात. घड्याळ ५०० दाखवतं म्हणून एक वडापाव आणि गोड चहा 'बसतो' असं वाटतं, आणि तो बसत नाही.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ४७१ तरुण-तरुणींना आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन मिळालं. सहा महिन्यांनंतर निम्म्यांना दंडावर बांधायचं उपकरणही दिलं, बाकीचे आपल्या नोंदी स्वतःच ठेवत राहिले. दोन वर्षांनी उपकरणवाल्यांचं वजन ३.५ किलोने उतरलं होतं, तर स्वतः नोंदी ठेवणाऱ्यांचं ५.९ किलोने.

कॅलरींचा रकाना स्क्रीनवरून काढून टाका. व्यायामाच्या बदल्यात खाणं वाढवू नका. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर वजन करा आणि चार आठवड्यांचा कल पाहा. वजन हलत नसेल, तर पहिली काट तेल, साखर आणि रात्रीच्या भातात करा, तीही थोडी आणि टिकेल अशी.

प्रश्न: चालताना ठोके एकदम १७० दाखवतो, पण मला धापही लागत नाही. कधी ८०वरच अडकतो. बीपीची गोळीही सुरू आहे. कशावर विश्वास ठेवू? (सांगली)

आधी धापेवर. बँड हिरवा प्रकाश त्वचेत सोडतो आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश किती कमी-जास्त होतो, त्यावरून ठोके ओळखतो. पट्टा सैल असेल, तर तो चालण्याच्या लयीबरोबर हलतो आणि यंत्र ठोक्यांऐवजी पावलंच मोजू लागतं. झपझप चालताना मिनिटाला १२०, धावताना १६०-१७० पावलं पडतात. ठोके आणि पावलांचा वेग जवळजवळ सारखा दिसला की हीच शंका घ्या. मनगट गार पडलेलं असेल, सेन्सरखाली गोंदण असेल, काचेवर घाम आणि साबण साचला असेल, तरी आकडा चुकतो.

बँड मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला बांधा. बांगड्या घालत असाल, तर त्यांच्या वर. हात हलवल्यावर पट्टा सरकू नये, पण काढल्यावर खोल वळ राहू नये. शंका आली की थांबा, अंगठ्याच्या मुळाशी नाडी धरून ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा.

आता गोळीबद्दल. मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल यांसारख्या गोळ्या ठोके मुद्दाम कमी ठेवतात. ठोक्यांची कमाल मर्यादा काढायच्या '२२० वजा वय' या सूत्रावर बेतलेले, व्यायामाचा जोर दाखवणारे घड्याळातले लाल-पिवळे पट्टे अशा वेळी लागू पडत नाहीत. ते गाठायला जोर लावणं धोक्याचं आहे. तुमची गोळी या गटातली आहे का, ते डॉक्टरांना विचारा. चालण्याचा वेग बोलण्यावरून ठरवा: पूर्ण वाक्य बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत वेग योग्य. पावलांत सांगायचं तर मिनिटाला १००च्या आसपास.

प्रश्न: 'ठोके अनियमित आहेत' अशी सूचना आली. घाबरायचं का? (बेळगाव)

घाबरू नका, पण टाळूही नका. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ४,१९,२९७ लोकांच्या घड्याळांवर लक्ष ठेवलं होतं. अशी सूचना ०.५२ टक्के लोकांनाच आली. त्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती तपासायला परत पाठवली, त्यांतल्या ३४ टक्के लोकांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित पडण्याचा विकार, सापडला. या विकारात हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो आणि तो येतो-जातो, म्हणून एका दिवसाचा ईसीजी चांगला आला तरी प्रश्न संपतोच असं नाही. सूचनेचा स्क्रीनशॉट आणि वेळ जपून ठेवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. वय ६५च्या वर असेल, बीपी किंवा मधुमेह असेल, तर उशीर नको.

घड्याळावरचा ईसीजी हार्ट अटॅक ओळखत नाही. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असं झालं, तर स्क्रीनवर काहीही दिसो, १०८ला फोन करा.

प्रश्न: बोट न टोचता शुगर दाखवणारं घड्याळ ऑनलाइन १,५०० रुपयांना मिळतंय. घेऊ का? (लातूर)

नको. त्वचा न टोचता शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. खोट्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं, तर जीवावर बेतू शकतं. ग्लुकोमीटर आणि पट्ट्याच वापरा.

प्रश्न: झोपेचा स्कोअर रोज ६०च्या आत. तो पाहिला की आणखी झोप लागत नाही. (मुंबई)

मग रात्री घड्याळ काढून ठेवा. किती वाजता झोपलात आणि उठलात, हे त्याला बऱ्यापैकी कळतं. पण अंथरुणात स्वस्थ पडून जागे राहिलात, तर त्याला ती झोपच वाटते. गाढ झोप किती, स्वप्नांची झोप किती हे ठरवायला झोपेच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात. मनगटावरून तो अंदाजच असतो. स्कोअरच्या काळजीनेच झोप उडणं ही तक्रार इतक्या जणांत दिसली की २०१७ साली संशोधकांनी तिची स्वतंत्र नोंद घेतली. दिवसभर डोळे मिटत असतील, किंवा मोठ्याने घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर स्कोअर ९० असला तरी तपासणी करून घ्या.

प्रश्न: महागडं घड्याळ घ्यावं का? (पणजी)

चालण्यासाठी गरज नाही. इंग्लंडमध्ये ४५ ते ७५ वयाच्या लोकांना १२ आठवड्यांचा कार्यक्रम, एक वही आणि पावलं मोजणारं साधं यंत्र दिलं होतं. काहींना नर्सने समजावलं, काहींना ते नुसतं टपालाने मिळालं. वर्षभराने दोन्ही गटांची वाढ जवळपास सारखी होती, दिवसाला साडेसहाशे पावलांच्या आसपास, आणि तीन वर्षांनंतरही ती बरीचशी टिकून होती. खिशातला फोनही पावलं मोजतो, फक्त तो घरात चार्जिंगला ठेवून फिरू नका. बँड घ्यायचाच असेल, तर आठवडाभर टिकणारी बॅटरी, उन्हात वाचता येणारा स्क्रीन आणि बदलता येणारा पट्टा एवढं पाहा. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ एकदा विसरलं की अनेकदा कायमचं राहतं. उरलेले पैसे चांगल्या बुटांवर घाला.