माळ घातलीस, आता चिखलात उतर

पोरा, गेल्या महिन्यात माळ घातलीस, हरिपाठाला बसतोस. ऐकून फार बरं वाटलं. आता सेवेचं विचारतोस म्हणून सांगते.

2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा, दूधगंगा या नद्या फुगल्या, कर्नाटकात निपाणीजवळ यमगर्णीला हायवेसुद्धा पाण्याखाली गेला. पहिले आठ दिवस कपड्यांचे ढीग आले. खरी गरज नंतर लागली. पाणी ओसरलं की घरात गुडघाभर गाळ राहतो, आणि तोवर मदतीच्या गाड्या थांबलेल्या असतात. पुन्हा पूर आला तर तू तेव्हा जा. फावडं, बादली, ब्लीचिंग पावडर ने. गमबूट घालच, पायाला जखम असेल तर गाळात उतरू नको, लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पसरणारा) ताप येतो. जनावरांना ओली वैरण विचारून ने, माणसांइतकीच तीही उपाशी असतात.

म्हातारी माणसं रेशनकार्ड, सातबारा उन्हात वाळवत बसतात. त्यांच्याजवळ बस, बोलू दे. कन्नड बोलणारी असली तर ‘ऊट आयता?’ एवढं तरी विचार. जेवलात का म्हणून विचारणारं माणूस परकं वाटत नाही.

फोटो काढू नको. संध्याकाळी अंघोळ करून हरिपाठाला ये, दमला असलास तरी. मला त्या दिवसांत त्यानंच झोप लागायची.