तेल, मीठ, कडधान्यं आणि भाजी नाकारणारी मुलं: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

घरच्यांना चांगलं खाऊ घालायचं, तर वेगळा ‘डाएट’ स्वयंपाक सुरू करू नका. तो दोन आठवड्यांत बंद पडतो, कारण एका घरात दोन स्वयंपाक कुणालाच झेपत नाहीत. जे रोज शिजतं त्याचंच प्रमाण आणि पद्धत बदलावी, असं आमचं मत. या वेळचे प्रश्न त्याच अंगाने घेतले आहेत.

प्रश्न: आम्ही दोघंही नोकरी करतो. घरी पोचेपर्यंत सात वाजतात आणि बहुतेक वेळा बाहेरून मागवलं जातं. सुरुवात कुठून करू?

सुट्टीच्या दिवशी दोन तास काढून दोनच गोष्टी तयार ठेवा: शिजलेली कडधान्यं आणि कांदा-टोमॅटोचा मसाला. अर्धा किलो कोरडी कडधान्यं शिजून साधारण सव्वा किलो होतात. चार माणसांच्या एका जेवणाला ४०० ग्रॅम धरले, तर तीन डबे होतात. मसाल्यासाठी ६०० ग्रॅम कांदा बारीक चिरून तीन मोठे चमचे तेलात मध्यमपेक्षा थोड्या मंद आचेवर वीस मिनिटं परता. मग आलं-लसूण आणि ६०० ग्रॅम टोमॅटो घालून पाणी आटेपर्यंत आणखी पंधरा मिनिटं. इथे घाई केली की कांदा कच्चट राहतो आणि ती चव झाकायला पुढे तेल-तिखट वाढत जातं. मसाल्याचेही तीन भाग करा.

एक डबा दोन-तीन दिवसांत लागणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, बाकीचे फ्रीझरमध्ये. मात्र गरम पातेलं तसंच आत सरकवू नका. खोल पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. पसरट ताटात दोन इंचांहून कमी थर करून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या.

फ्रीझरमधला डबा सकाळीच खाली फ्रीजमध्ये काढून ठेवला, की संध्याकाळचं काम उरतं ते इतकंच: भात किंवा दुसरं धान्य शिजत लावायचं, मसाला गरम करायचा, कडधान्यं घालून दहा मिनिटं उकळायची आणि तेवढ्यात एक भाजी. अर्ध्या तासात पानं वाढून होतात. आठवड्याभराची भाजी मात्र एकदम चिरून ठेवू नका. चिरलेल्या भाजीतलं क जीवनसत्त्व आणि ओलावा दोन्ही कमी होत जातात. दोन दिवसांपुरती ठीक. पालेभाजी धुतली तर पूर्ण कोरडी करूनच ठेवा, ओली राहिली की सडते.

प्रश्न: कडधान्यं कितीही शिजवली तरी टचटचीत राहतात, आणि खाल्ल्यावर पोट फुगतं. काय चुकतं?

चुका चार ठिकाणी होतात. पहिली, माल जुना असतो. वर्ष-दोन वर्षं पडून राहिलेलं कडधान्य भिजतं, पण मऊ होत नाही. दुसरी, टोमॅटो, चिंच किंवा लिंबू आधीच पडतं. आंबटामुळे पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही, त्यामुळे दाणा आधी पूर्ण शिजू द्या, आंबट नंतर. तिसरी, पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम दाण्याचं साल कडक ठेवतं. चौथी, भिजण्याला वेळ कमी मिळतो.

मिठाने कडधान्य शिजत नाही, हा समज मात्र खरा नाही. उलट भिजवताना लिटरभर पाण्यात दोन लहान चमचे मीठ घातलं तर साल मऊ पडतं आणि दाणे कमी फुटतात. दाण्यांच्या तिप्पट पाणी घ्या आणि आठ ते बारा तास भिजवा. हवा गरम असेल तर भांडं फ्रीजमध्ये, नाहीतर पाणी आंबून फेस येतो. मग ते पाणी फेका आणि दाणे नीट धुवा. पोट फुगवणाऱ्या शर्करा आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. भिजवलेलं पाणी फेकल्यावर त्यातल्या काही निघून जातात. सवय नसलेल्या घरात पहिले दोन-तीन आठवडे माणशी अर्धी वाटीच वाढा.

प्रेशर कुकरमध्ये भिजवलेले छोले किंवा राजमा दाब आल्यावर मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जाऊ द्या. दाणा दोन बोटांत दाबला की सहज चिरडला पाहिजे, मध्ये पांढरा कच्चा ठिपका दिसता कामा नये. सोडा घालून दाणा लवकर मऊ होतो खरा, पण ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि चवही साबणासारखी लागते.

राजम्याबाबत एक इशारा. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं आणि अर्धवट शिजलेले मोजके दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो थेट शिजवू नका, तिथलं तापमान पुरेसं चढत नाही. आधी ताज्या पाण्यात खळखळून अर्धा तास उकळा. कुकरमध्ये ही अडचण येत नाही.

प्रश्न: तेल कमी करा असं सगळेच सांगतात. पण आम्ही किती वापरतो हे कळायचं कसं?

बाटली उघडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९२० ग्रॅम. चौघांना ते दहा दिवस पुरलं, तर माणशी रोज २३ ग्रॅम, म्हणजे पाच लहान चमचे. सात दिवसांतच संपलं, तर माणशी ३३ ग्रॅमच्या आसपास. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, साधारण १२० कॅलरी असतात. बाटलीतून थेट कढईत ओतताना असे दोन चमचे जास्त पडले तरी लक्षात येत नाही. म्हणून तेल चमच्यानेच घाला. आमच्या मते एवढ्या एका सवयीने बरंच काम होतं.

कमी तेलात पदार्थ चिकटतो, ही तक्रार नेहमीची. आधी भांडं तापवा, मग तेल, मग कांदा आणि चिमूटभर मीठ. मिठाने कांद्याला पाणी सुटतं. चिकटायला लागला की तेल न घालता दोन चमचे पाणी शिंपडा आणि तळ खरवडा. तेल पार शून्यावर मात्र आणू नका. गाजर, भोपळा, पालेभाज्यांतलं कॅरोटीन शोषलं जायला थोडी चरबी लागतेच.

प्रश्न: सहा वर्षांची मुलगी कुठलीच भाजी खात नाही. भाज्या वाटून, लपवून घालू का?

अधूनमधून घालायला हरकत नाही, पण त्याने तिला भाजीची ओळख होत नाही. नवी चव मान्य व्हायला मुलांना ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, समोर यावी लागते. बहुतेक पालक तिसऱ्या-चौथ्या वेळेला सोडून देतात. वाटाण्याएवढा तुकडा ताटात ठेवा, खाल्ला नाही तर काही बोलू नका, चार दिवसांनी परत ठेवा. ‘भाजी संपव, मग गोड देते’ असं म्हटलं की भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस, एवढंच तिच्या मनात पक्कं होतं. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली विभागणी उपयोगी पडते: काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने.

भाजी कशी शिजली आहे, तेही तपासा. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली फार वेळ शिजवली की गंधकाचा वास सुटतो. मुलं नाक मुरडतात ती पुष्कळदा त्या वासाला. ४०० ग्रॅम फ्लॉवरचे कोरडे पुसलेले तुरे, एक मोठा चमचा तेल आणि पाव लहान चमचा मीठ कालवून २२० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा, मध्ये एकदा उलटा. कडा तपकिरी झाल्या की गोडसर चव येते. तुरे एकावर एक आले तर भाजले न जाता वाफेने गिळगिळीत होतात. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर, झाकण न ठेवता, दोन खेपांत करा.

प्रश्न: सासऱ्यांना रक्तदाब आहे. त्यांच्यासाठी मीठ कमी केलं की बाकीच्यांना अळणी लागतं.

त्यांचं वेगळं शिजवू नका, सगळ्यांचंच हळूहळू कमी करा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक लहान चमचाही पूर्ण नाही. दर आठवड्याला दहावा हिस्सा कमी करा, जीभ काही आठवड्यांत सरावते. थोडं मीठ शेवटी घातलं तर ते जिभेला जास्त जाणवतं, आणि लिंबू पिळलं तर कमी मीठ चालून जातं. पाकिटावर फक्त सोडियमचा आकडा असेल, तर त्याला अडीचने गुणा, मिठाचं प्रमाण मिळेल. गुलाबी किंवा सैंधव मीठही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं, त्यामुळे त्याने प्रश्न सुटत नाही. पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठ मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील तर घातक ठरू शकतं. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

प्रश्न: पांढऱ्या तांदळात थोडा ब्राऊन राइस मिसळून शिजवला, तर एक कच्चा आणि एक गिचका. आणि उरलेला भात किती दिवस चालतो?

दोघांना लागणारा वेळ वेगळा, म्हणून एकत्र शिजवू नका. ब्राऊन राइस तासभर भिजवून, दुप्पट ते अडीचपट पाण्यात झाकून पस्तीस-चाळीस मिनिटं शिजवा. मग तयार पांढऱ्या भातात एक चतुर्थांश मिसळा आणि घरच्यांची तक्रार नसेल तर प्रमाण वाढवत न्या. उरलेला भात तासाभरात निववून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा आणि खाताना वाफा येईपर्यंत एकदाच गरम करा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकून द्या. त्यातल्या जीवाणूंनी केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.