सव्वा लाखाचा कागद आणि एक ठणकणारी दाढ

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. मी विट्याची, वय ५४, घरी शिवणकाम करते. मला बरीच वर्षं शुगर आहे, परवाचा एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी) ८.९ आला. उजवीकडची खालची मोठी दाढ रात्री ठणकते, गरम चहा लागला की कळ कानापर्यंत जाते आणि बराच वेळ थांबत नाही. म्हणून दवाखान्यात गेले. त्यांनी सगळ्या तोंडाचा मोठा एक्स-रे काढला आणि खर्चाचा कागद हातात दिला. दुखऱ्या दाढेची रूट कॅनाल आणि झिरकोनियाची कॅप २२,०००. वरच्या दोन दाढांमधली जुनी चांदी काढून सिरॅमिक भरणे २४,०००. डावीकडे खालची मोठी दाढ आठ वर्षांपूर्वी काढली होती, तिथे इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) ४५,०००. न दुखणारी अक्कलदाढ काढणे ९,०००. हिरड्यांना लेझर २४,०००. एकूण १,२४,०००. आठवड्यात भरले तर १,०५,०००, नाहीतर हप्ते पाडून देतो म्हणाले. माझ्याकडे पतसंस्थेत ठेव आहे, पण ती गळक्या स्लॅबसाठी ठेवली आहे. आमचे मिस्टर म्हणतात, ‘पाचशे रुपयांत दाढ उपटून टाक आणि मोकळी हो.’ काय करू?

उत्तर : ताई, तोंडात डोकावल्याशिवाय मी निदान करणार नाही. पण तुम्ही पाठवलेल्या कागदाचा फोटो नीट पाहिला. कागद एक असला तरी त्यात पाच वेगळी दुखणी आहेत आणि तुम्हाला पाच वेगळे निर्णय घ्यायचे आहेत. खाली बेरीज मारली की माणूस घाबरतो आणि ‘सगळं करायचं की काहीच नको’ एवढंच डोक्यात राहतं. ती बेरीज पेनाने खोडा. मग एकेका ओळीवर बोट ठेवून विचारा : हे सहा महिने केलं नाही तर माझं काय बिघडेल?

दुखऱ्या दाढेचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. गार पाण्याने दात शिवशिवला आणि लगेच थांबला, तर आतली नस बहुधा शाबूत असते, भरून भागतं. तुमचं तसं नाही. गरम लागल्यावर कळ रेंगाळते, रात्री काही न खाता ठणका लागतो, म्हणजे नस परत बरी होण्याच्या पलीकडे गेल्याची ही लक्षणं आहेत. अशी नस काढून दाढ वाचवणं म्हणजेच रूट कॅनाल. तरी डॉक्टरांनी तीन गोष्टी केल्या का ते आठवा. दाढेला गार काडी किंवा बर्फ लावून पाहिला का? आरशाच्या दांडीने एकेका दातावर टकटक करून ‘कुठे दुखतं’ असं विचारलं का? आणि फक्त त्या दाढेचा छोटा एक्स-रे काढला का? डोक्याभोवती फिरतो तो मोठा एक्स-रे जबड्याची एकूण कल्पना देतो, पण कीड नसेपर्यंत पोचली का आणि मुळाच्या टोकाशी काळी सावली आहे का, हे छोट्या एक्स-रेवर जास्त स्पष्ट कळतं. त्याला काहीशे रुपयेच लागतात. डॉक्टरांना तो तुमच्यासमोर स्क्रीनवर दाखवायला सांगा. हाड राखाडी दिसतं, कीड काळी दिसते. समजायला फार शिक्षण लागत नाही.

आता मिस्टरांचं म्हणणं. दाढ काढणं हाही उपचारच आहे आणि पुष्कळदा तोच बरोबर असतो, विशेषतः दाढ मुळापासून हलत असेल किंवा उभी चिरली असेल तर. पण तुमची डावीकडची खालची मोठी दाढ आधीच गेलेली आहे. आता उजवीकडचीही गेली तर भाकरी चावायची कुठे? पाचशे रुपयांत सुटका होईल, पण पुढे तिथेही इम्प्लांट किंवा ब्रिजचा (शेजारच्या दोन दातांवर टेकवलेल्या जोडदाताचा) विषय निघेल आणि तो रूट कॅनालपेक्षा महाग पडेल. म्हणून या कागदावर मी पहिला पैसा इथे घालीन.

कॅपसुद्धा घ्या. नस काढलेली मागची दाढ कॅपशिवाय ठेवली की कधीतरी हरभरा चावताना दुभंगते आणि मग सगळाच खर्च पाण्यात जातो. पण कॅप झिरकोनियाचीच, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या, मजबूत सिरॅमिकचीच हवी, असं मात्र नाही. मागच्या दाढेला आख्ख्या धातूची कॅप वर्षानुवर्षं टिकते आणि ती बसवण्यासाठी दात कोरावाही कमी लागतो. धातूवर सिरॅमिक चढवलेली मधल्या भावात मिळते. हसताना तुमची ही दाढ दिसते का, ते घरी आरशात बघा आणि ठरवा. झिरकोनियासोबत दहा-पंधरा वर्षांच्या हमीचं कार्ड मिळतं, पण ती हमी कॅपची असते. खालचा दात किडला तर कार्ड कामाला येत नाही. पैशांची ओढाताण असेल तर रूट कॅनाल आत्ता करा, दाढ पक्की भरून घ्या आणि कॅप महिन्या-दीड महिन्याने बसवा. मात्र दुखायचं थांबलं म्हणून विसरू नका. आमच्याकडे येणाऱ्यांत असे विसरलेले निम्मे असतात.

दुसरा पैसा हिरड्यांवर, आणि हिरड्यांबरोबर शुगरवर. हिरड्या तपासायची एक बारीक सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. ती दात आणि हिरडी यांच्या फटीत हलकेच घालून डॉक्टर आकडे सांगतात आणि सहायक लिहून घेते : तीन, तीन, पाच, सहा. तीनपर्यंत ठीक. चार किंवा जास्त आणि रक्त येत असेल तर आजार आहे. तुमच्या कागदावर ‘हिरड्या खराब’ एवढंच लिहिलंय, आकडे कुठेच नाहीत. ते मागा. आकड्यांशिवाय चोवीस हजार देऊ नका.

आकडे खरोखर वाढलेले निघाले तर उपचार टाळूही नका. त्यात मुख्य काम असतं हिरडीखाली मुळांवर बसलेला थर हत्याराने किंवा मशीनने खरवडून काढायचं. लेझर हा त्यावरचा जोड आहे. त्यामुळे मोठा फरक पडतो असा भक्कम पुरावा नाही. साध्या पद्धतीने हेच काम बऱ्याच ठिकाणी निम्म्याहून कमी खर्चात होतं. हिरड्यांची सूज शुगर वाढवते आणि वाढलेली शुगर हिरड्या बिघडवते. मधुमेह्यांच्या हिरड्यांवर नीट उपचार केले की तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ अंकाच्या आसपास कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. आणि हो, घरात कुणी मिश्री लावत असेल, तुम्ही स्वतः लावत असाल, तर ती आधी बंद. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्या भागात मला हे विचारावंच लागतं.

चांदीचं थोडक्यात सांगते. दातात भरतात ती ‘चांदी’ म्हणजे चांदीसारखे धातू आणि पारा यांचं मिश्रण. शाबूत असलेली, खाली कीड नसलेली, कडेला न फुटलेली चांदी ‘जुनी झाली’ किंवा ‘विषारी असते’ म्हणून काढायचं कारण नाही. युरोपियन महासंघाने पाऱ्याच्या प्रदूषणामुळे १ जानेवारी २०२५ पासून नवी चांदी भरणं जवळपास बंद केलं, पण लोकांच्या दातांत आहे ती काढा, असं सांगितलेलं नाही. औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेनेही २०२० मध्ये चांगल्या स्थितीतली चांदी काढू नका असंच म्हटलं. उलट ती कोरताना चांगला दातही थोडा जातो. चांदीखाली कीड आहे असं डॉक्टर म्हणत असतील, तर एक्स-रेवर दाखवा म्हणा.

अक्कलदाढेचंही तेच. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००० सालीच सांगितलं की, काही त्रास न देणारी अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. वारंवार सूज येत असेल किंवा ती पुढच्या दाढेला किडवत असेल, तर गोष्ट वेगळी.

राहिलं इम्प्लांट. टायटॅनियमचा स्क्रू हाडात घट्ट धरतो, हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी दाखवलं आणि १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात पहिल्यांदा बसवलं. उपचार उत्तम आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण ८.९ एचबीएवनसी असताना आणि सुजलेल्या हिरड्यांत मी ते आत्ता करणार नाही. जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्गाची भीती असते. दुसरं म्हणजे आठ वर्षांत शेजारची दाढ त्या जागेकडे कलली असणार आणि वरची खाली उतरली असणार. मग तिथे दाताला पुरेशी जागा उरली आहे का? एक्स-रे बघून हे विचारलंच पाहिजे. आणि तिसरं, ही जागा आठ वर्षं रिकामी आहे. आणखी वर्षभराने काही आभाळ कोसळत नाही. नेदरलँड्सच्या कायसर यांनी १९८१ मध्ये मांडलं होतं की, मागच्या काही दाढा नसल्या तरी माणसाचं खाणं-बोलणं व्यवस्थित चालू शकतं. प्रत्येक गेलेला दात परत बसवलाच पाहिजे, असं नसतं. शुगर उतरवा, हिरड्या बऱ्या करा आणि मग बघा. तेव्हाही काढता-घालता येणारा दात किंवा ब्रिज हे पर्याय आहेतच, फक्त ब्रिजसाठी दोन्ही बाजूंचे दात कोरून लहान करावे लागतात.

आठवड्याच्या मुदतीची सवलत मला पटत नाही. दुखऱ्या दाढेला मुदत आहे, ती दुखण्याची आहे. बाकी कशालाच नाही. पाच उपचारांचे पैसे आगाऊ भरू नका, ज्या बैठकीला जे काम होईल त्याचेच द्या. हप्त्यांचं कर्ज बहुतेक वेळा दवाखान्याचं नसून फायनान्स कंपनीचं असतं. पुढे इलाज अर्ध्यावर थांबला तरी हप्ते चालूच राहतात. सही करण्याआधी तो कागद घरी आणून वाचा. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. अपघातात दात मोडून दवाखान्यात भरती व्हावं लागलं तरच बहुतेक पॉलिसी पैसे देतात.

डॉक्टरांविषयीही दोन शब्द. हा कागद पाहून ‘लुटायला बसलेत’ म्हणू नका. दवाखान्याचं भाडं, मशीनचं कर्ज, प्रत्येक पेशंटला निर्जंतुक हत्यारं, लॅबचं बिल, हे सगळं दरात असतं. शिवाय दोन प्रामाणिक डॉक्टरांचीही मतं फार वेगळी निघतात. अमेरिकेत एका मासिकाच्या पत्रकाराने १९९७ मध्ये तेच तोंड पन्नास दंतवैद्यांना दाखवलं, तर खर्च पाचशे डॉलरपासून जवळपास तीस हजार डॉलरपर्यंत सांगितला गेला.

म्हणून दुसरं मत घ्याच. एक्स-रेची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे, मोबाइलवरही मिळते. नव्या डॉक्टरांना आधीचा खर्चाचा कागद सुरुवातीला दाखवू नका. आधी त्यांना तोंड बघू दे. विट्याहून तुम्हाला सांगली किंवा कराड सोयीचं. सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि कवलापूरला वसंतदादांच्या नावाचं दंत महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा विद्यापीठाचं आहे. मुंबईकडच्या वाचकांना नायर आणि सीएसएमटीजवळचं शासकीय, तर इतरांना नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खर्च बराच कमी होतो. काम शिकणारी मुलं करतात पण शिक्षक बाजूला असतात, आणि एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करणाऱ्यांचा हात पुष्कळदा चांगला असतो. खेपा जास्त पडतात, एका रूट कॅनालला तीन-चार वेळा एसटी धरावी लागेल. शिवणाचं काम सांभाळून जमतं का, एवढंच तुम्ही बघायचं.

माझ्या हिशोबाने कागदातलं तातडीचं काम दाढ आणि हिरड्या एवढंच आहे, आणि ते ठेव न मोडता होईल असं दिसतं. स्लॅबचं काम पावसाआधी उरकून घ्या.

प्रश्न : मी परदेशात असतो. वडील ८१ वर्षांचे, कोल्हापुरात राहतात. वरची कवळी ठीक आहे, खालची सारखी हलते, त्यामुळे ते मऊ भातच खातात. डॉक्टरांनी दोन्ही जबड्यांत इम्प्लांटवरचे पक्के दात सुचवले, खर्च सहा लाख. मी द्यायला तयार आहे. बाबा ‘कशाला’ म्हणतात.

उत्तर : बाबा ‘कशाला’ म्हणतात ते पैशाचं बोलतात की त्यांना खुर्चीत तास तास बसायचं नाही, हे त्यांना फोनवर निवांत विचारा. आधी खालच्या कवळीला आतून नवा थर देऊन बघा, त्याला रिलाइन म्हणतात, खर्च फार नाही. कवळी बरीच जुनी असेल तर नवीच करावी. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, खालचीला तो आधार नसतो, म्हणून ती बहुतेकांची हलते. तरीही हललीच, तर खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट बसवायचे आणि त्यांवर कवळी खिट्टीसारखी अडकवायची. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय म्हणून सुचवला होता. रात्री ती काढून धुता येते, जे या वयात पक्क्या दातांपेक्षा सोपं पडतं. वरची ठीक आहे तर तिला हात लावायचं कारण मला दिसत नाही.

तुम्ही पाठवलेल्या यादीत रक्त पातळ करणारी गोळी दिसते. ती परस्पर बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बाबांना कधी इंजेक्शनं दिली होती का, तेही दातांच्या डॉक्टरांना आधी सांगा.