२४ कुठे गेले?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

काल तू गेल्यावर तुझा कागद मी पुन्हा हातात घेतला. दिव्यापाशी धरला तर मधोमध भोक. इतका खोडरबर घासलास की फुलस्केप फाटला. भोकाच्या वर लिहिलंय, 'शाळेने मला शिस्त लावली.' खाली लिहिलंय, 'वक्तशीरपणाचे महत्त्व पटले.' मधे काय होतं ते कळायला आता मार्ग नाही, आणि मला नेमकं तेच वाचायचं होतं.

निरोप समारंभाच्या हस्तलिखितासाठी एक पान लिहायचं, 'दहा वर्षांत मी काय शिकले', आणि तीन दिवस तू त्याच पानावर अडलीस. "बाई, मला काही सापडतच नाही. नववीला ७८ टक्के होते, सराव परीक्षेत ८१ आले. बाकी मी तीच आहे," एवढं बोललीस आणि चहा न घेता उठलीस. तुझा तो चेहरा रात्रभर डोळ्यांसमोर होता, म्हणून पहाटेच लिहायला बसले.

तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, हे लिहून पान भरणार नाही. ते तुलाही ठाऊक आहे. मला एकच सांगायचंय, वर्गात शंभरदा सांगितलेलं: पुसू नकोस. चुकलं की त्यावर एक आडवी रेघ मार, शेजारी तारीख टाक, आणि का चुकलं ते दोन शब्दांत लिही. पण पुसू नकोस.

सातवीतला वर्गविस्ताराचा तास आठवतो? (अ + ब)² म्हणजे अ² + ब², असं तू ठणकावून सांगितलंस. मी चूक-बरोबर काही म्हणाले नाही. अ ला ३ घे, ब ला ४ घे, एवढंच म्हटलं. तू ३ आणि ४ मिळवून सातचा वर्ग केलास, ४९ आले. मग ९ आणि १६ मिळवलेस, २५ आले. दोन्हीकडे बघत बसलीस आणि समासात लिहिलंस, '२४ कुठे गेले?' मग आपण सात सेंटिमीटर बाजूचा चौरस काढला, ३ आणि ४ वर रेघा मारल्या. नऊचा एक चौरस, सोळाचा एक, आणि कोपऱ्यात उरलेले बारा-बाराचे दोन आयत. तू त्यांच्यावर बोट ठेवून ओरडलीस, "बाई, हे बघा इथे आहेत!" शेजारच्या वर्गातून सर बघायला आले होते.

आता पुढचं ऐक. गेल्या वर्षी बीजगणिताची अडचण घेऊन तू माझ्याकडे आलीस. उत्तर काढलंस आणि मी काही बोलायच्या आत कच्च्या कागदावर दोन साधे आकडे घालून ताळा करून पाहिलास. तुला कोणी सांगितलं नव्हतं. सातवीतली मुलगी ठणकावून सांगत होती, नववीतली मुलगी स्वतःच्या उत्तरावर शंका घेऊन ते तपासत होती. आणि तू म्हणतेस, मी तीच आहे! ७८ आणि ८१ मध्ये हे कुठे दिसणार? ते दिसेल त्या समासात. ती वही जपली असशील तर.

मला हे शहाणपण सुरुवातीपासून होतं असं समजू नकोस. १९९६ साल. सहावीत मागच्या बाकावर एक मुलगा होता. फळ्यावर १/२ + १/३ लिहून मी त्याला उत्तर विचारलं. तो म्हणाला, २/५. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. वर्ग हसला. तो हळूच म्हणाला, "पाचातल्या दोनच की बाई." मी ऐकलं आणि सोडून दिलं. पूस म्हटलं, ५/६ दहा वेळा लिही म्हटलं. त्याच्याकडे खोडरबर नव्हता. बोट ओलं करून त्याने ते पुसलं, कागद काळा झाला, त्याबद्दलही मी त्याला बोलले.

चार-पाच वर्षांनी खो-खोच्या मैदानावर बसले होते. आमच्या मुली हिशेब करत होत्या: आधीच्या स्पर्धेत दोनपैकी एक सामना जिंकला, या खेपेला तीनपैकी एक, म्हणजे पाचांतले दोन. माझ्या अंगावर काटा आला. तो मुलगा हेच म्हणत होता! त्याच्या डोक्यात सामने होते, माझ्या डोक्यात भाकरीचे तुकडे. सामने मोजायचे तर त्याचं बरोबर होतं. भाकरी एकच असेल, अर्धी आणि तिसरा हिस्सा त्याच भाकरीचा असेल, तर छेद समान करावे लागतात. हा फरक त्या दिवशी फळ्यावर उलगडला असता तर वर्गाला अपूर्णांक जन्मभर कळले असते. पण त्याचं उत्तर मी पुसायला लावलं. तो दसऱ्यानंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेला, कोयता हातात आला आणि पुन्हा शाळेत आला नाही. आपल्या बीडकडे हे काही नवं नाही. पण "तू कसा विचार केलास रे?" हे विचारायचं माझं राहून गेलं ते गेलंच.

त्या वर्षीपासून माझ्या तासाला खोडरबर बंद. पालक भांडायला आले, वह्या घाण दिसतात म्हणाले. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, वह्यांमध्ये स्वच्छता नाही. मुख्याध्यापकांनी समजावलं, निदान तपासणीपुरत्या वेगळ्या वह्या करा. मी केल्या नाहीत. निवृत्त होईपर्यंत बावीस वर्षं केल्या नाहीत. लोक मला हेकट म्हणायचे. म्हणू देत. या एका बाबतीत मी हेकटच राहणार आहे.

मात्र एका ठिकाणी मी वाकले, ते तुझ्यापासून लपवत नाही. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला आणि आपल्याकडे आकारिक मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी करायच्या: तो कसा शिकतो, कुठे अडतो, कशात रमतो. कल्पना सोन्यासारखी. पण माझ्या वर्गात ५८ मुलं, त्यात निवडणुकीची कामं, याद्या, सर्वेक्षणं. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या आणि मीही त्यातून उतरवलं. 'गणिती क्रिया अचूक करतो.' 'उपक्रमात आनंदाने सहभागी होते.' तुझ्या नावापुढेही असलंच एखादं वाक्य असेल. रात्री अकराला ५८ नोंदी करायच्या असताना दुसरं काय होणार होतं, असं मी स्वतःला अनेकदा विचारलंय. ज्यांनी तसा वर्ग सांभाळला नाही त्यांनी मला नावं ठेवू नयेत. पण तुझ्या आणि माझ्यात बोलायचं तर, रोज दोन मुलांबद्दल दोन खरी वाक्यं लिहिणं मला जमलं असतं. मी लिहिली नाहीत.

म्हणून तुझ्या कागदावरची 'शिस्त' आणि 'वक्तशीरपणा' वाचून मी इतकी चिडले. ती माझ्याच नोंदींची भाषा आहे. आम्हीच तुम्हाला शिकवली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलंय की प्रगतिपुस्तकात विद्यार्थ्याने स्वतःचंही मूल्यमापन करावं. वाचून आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली, की त्याचीही तयार वाक्यं बाजारात येतील आणि पोरं ती उतरवतील. तू तरी उतरवू नकोस.

रामानुजन तरुणपणी पाटीवर गणितं सोडवायचे, कारण कागद परवडत नव्हता. पाटी भरली की कोपराने पुसायची आणि निष्कर्ष तेवढा वहीत टिपायचा. तीन हजारांवर निष्कर्ष त्या वह्यांत राहिले, पण बहुतेकांची वाट पाटीबरोबर पुसली गेली. ती शोधण्यात पुढे मोठमोठ्या गणितज्ञांची आयुष्यं खर्ची पडली. अमेरिकन गणितज्ञ ब्रूस बर्न्ट यांनी १९८५ ते १९९८ या काळात पाच खंड काढले, तेव्हा कुठे त्या वह्यांतलं एकेक सूत्र सिद्धतेसह किंवा सिद्धता कुठे सापडते त्या संदर्भासह मांडून झालं. रामानुजन यांच्यामागे वाट शोधणारे धावले. तुझ्या-माझ्यामागे कोण धावणार? आपली वाट आपणच राखून ठेवायची. कागद आपल्याला परवडतो.

आणि शाळकरी मुलीने काय लिहावं असं विचारशील, तर १८५५ सालात जा. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा निबंध त्या वर्षी 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. शाळेने मला काय काय दिलं याची यादी करत ती बसली नाही. मांग-महारांना माणसासारखं वागवत नाहीत, मग आमचा धर्म कोणता, असं तिने सरळ देवालाच विचारलं. मनातला टोचणारा प्रश्न तिने पुसला नाही. तुझा प्रश्न तेवढा मोठा नसेल, पण '२४ कुठे गेले?' हे वाक्य तुझं आहे, दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही. त्यापुढे 'शिस्त लावली' हे वाक्य ठेवून बघ. ते शाळेतल्या कुठल्याही पोराच्या नावाने खपेल.

हस्तलिखितात डाग चालत नाहीत, पक्की प्रत सुंदर हवी, असं तू म्हणशील. पक्की प्रत सुंदरच कर, अक्षर तर तुझं छानच आहे. पण कच्चं फाडू नकोस. कच्चं माझ्याकडे आण.

काय लिहायचं हे मी सांगणार नाही, ते मागूही नकोस. वह्या काढ. माळ्यावर असतील, आईने रद्दीत घातल्या नसतील तर. सातवीची गणिताची नक्की बघ. एखादी चूक अशी शोध की जी तू तेव्हा छातीठोकपणे केलीस आणि आज तुझ्या हातून होणार नाही. तिच्याबद्दल लिही. आणि अशी एखादी शोध जी अजूनही होते. तिच्याबद्दल जास्त लिही.

रविवारी सकाळी ये. या खेपेला चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही. पेन आण, खोडरबर घरीच ठेव. आणि त्या भोकाच्या जागी आधी काय लिहिलं होतंस, ते आठवत असेल तर येऊन मला सांग.

तुझ्या,
गणिताच्या बाई