आवाज चांगला आहे, पुढे काय?

मागच्या अंकात ओघात लिहून गेले की, 1987 साली आकाशवाणीच्या एका जिल्हा केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून लागले, पुढे कार्यक्रम विभागात कायम झाले आणि निवृत्तीनंतर शाळांसाठीच्या ध्वनिपाठांवर सल्लागार म्हणून काम करते. झालं! या महिन्यात 14 पत्रं आली, त्यातली 9 याच विषयाची. स्वयंपाकघरातल्या मुंग्यांवर विचारणाऱ्या काकूंना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणार.

प्रश्न : मी बी.ए. मराठी, वय 23. कॉलेजात सगळ्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन मीच करायचे. सगळे म्हणतात, आवाज रेडिओसारखा आहे. एक खासगी संस्था तीन महिन्यांच्या निवेदन अभ्यासक्रमाचे 65 हजार रुपये मागते आहे. वडील कर्ज काढायला तयार आहेत. करू का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : वडिलांना सांग, कर्ज काढू नका. (माझ्या भाचीच्या वयाची आहेस, म्हणून ‘तू’ म्हणते.)

रेडिओसारखा आवाज म्हणजे नेमका कसा, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही. आमच्याकडच्या दोन उत्तम उद्घोषकांपैकी एकीचा आवाज चिरका होता आणि एकाला बारमाही सर्दी. स्वरचाचणीत आवाज ऐकतातच, पण हातात आधी न वाचलेलं पान देतात आणि लाल दिवा लागतो. त्या पानात परदेशी नावं असतात, आकडे असतात, जोडाक्षरं असतात आणि मुद्दाम पेरलेले च, ज, झ असतात. ‘जरा थांबा’ यातला ‘जरा’ आणि ‘जरा-मरण’ यातला ‘जरा’ लिहायला एकच, बोलायला दोन. किती सुरेल आवाज इथे गळताना पाहिलेत! याला 65 हजार लागत नाहीत. रोज सकाळी वर्तमानपत्राचा अग्रलेख एकदाही न चाळता थेट मोठ्यानं वाच, मोबाइलवर ध्वनिमुद्रण कर आणि संध्याकाळी ऐक. पहिला आठवडा स्वतःचा राग येईल.

शिवाय उद्घोषकाचं काम बोलण्याचं कमी आणि सांभाळण्याचं जास्त. समोर क्यू शीट (कोणता कार्यक्रम किती वाजता, याचा तक्ता), डोक्यावर घड्याळ, पुढचा कार्यक्रम तयार आहे का याची धाकधूक. आमच्या वेळी टेपची स्पूलं होती. एका सकाळच्या सभेत (प्रसारणाच्या सत्राला आम्ही सभा म्हणतो) आरोग्यविषयक भाषणाचं स्पूल कुणीतरी उलटं गुंडाळून ठेवलं होतं आणि मी न तपासता लावलं. सात-आठ सेकंद डॉक्टरसाहेब शेवटाकडून सुरुवातीकडे बोलत होते. आवाज खाली ओढला, माइक उघडला, दिलगिरी व्यक्त केली, भावगीत लावलं आणि लॉगबुकात स्वतःच्या हातानं स्वतःची चूक लिहिली. पंधरा दिवसांनी एका श्रोत्याचं पोस्टकार्ड आलं : ‘ती भाषा कोणती होती?’ आता सगळं संगणकावर आहे, पण चुकीची फाइल लागायची ती लागतेच. त्या क्षणी आवाज उपयोगी पडत नाही, डोकं थंड लागतं.

आता पैशाचं. नैमित्तिक उद्घोषकाला महिन्याला साधारण सहा ड्युट्या मिळतात, मानधन ड्युटीप्रमाणे. ती नोकरी नव्हे आणि त्यावर घर चालत नाही. तुला सोलापूर आणि धाराशिव ही दोन्ही केंद्रं जवळची आहेत. तिथे जाऊन फलक वाच, जाहिरात निघाली की अर्ज कर, पण सोबत दुसरं काहीतरी हवं. माझ्या मते ते दुसरं म्हणजे लेखन. रूपक (एखाद्या विषयावरचा निवेदन, संवाद आणि ध्वनींनी गुंफलेला कार्यक्रम), मुलाखतीची प्रश्नावली, अर्ध्या मिनिटाची जनजागृतीची जिंगल हे लिहिता येणारी माणसं आवाजवाल्यांच्या एक-दशांशही नसतात.

आणि सामुदायिक रेडिओ विसरू नकोस. 2006 साली सरकारनं तो स्वयंसेवी संस्थांनाही खुला केला. जेमतेम 100 वॉटचं प्रक्षेपण, 10-15 किलोमीटरचा परिसर, आणि चार माणसं सगळं करतात. म्हसवडला माणदेशी तरंग आहे. आठ दिवस तिथे बसायला मिळतंय का, विचार. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस. बार्शीच्या बाजार समितीतल्या एखाद्या हमालाशी किंवा चहावालीशी बोलून चार मिनिटांचा तुकडा कापून ने. त्यात तुझा आवाज अर्ध्या मिनिटाच्या वर नको. तो अर्धा मिनिट पाळता आला, तर तू या धंद्यातली.

प्रश्न : मुलगा इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दूरदर्शन-आकाशवाणीत कायमची सरकारी नोकरी कशी मिळते?
— एक पालक, जळगाव

उत्तर : आमच्या काळासारखी मिळत नाही, हे आधी स्वीकारा. 1997 मध्ये प्रसार भारती, म्हणजे आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी संस्था, स्वायत्त झाली. आज तिच्या जाहिराती पाहिल्यात तर बहुतेक कंत्राटी असतात, ठरावीक मुदतीच्या. चिरंजीवांना बातमीची बाजू आवडत असेल तर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून भारतीय माहिती सेवा मिळते. तिथले अधिकारी वृत्तविभागात नेमले जातात. यंत्रांची बाजू आवडत असेल तर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये (चित्रपट आणि टेलिव्हिजन प्रशिक्षण संस्था) टेलिव्हिजन शाखेत ध्वनिमुद्रण आणि टेलिव्हिजन अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम आहे, तो पाहा. पण मुलाला एकदा विचारा हो, हे त्याला हवंय की तुम्हाला?

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झालो. कोविडच्या काळात शाळा बंद असताना मी मुलांसाठी मोबाइलवर गोष्टी आणि गणिताचे छोटे पाठ ध्वनिमुद्रित करून पाठवत असे. ते एका संस्थेनं ऐकले. आता त्यांना दुसरीच्या गणिताचे 20 ध्वनिपाठ करायचे आहेत आणि मी ‘सल्लागार’ व्हावं असं ते म्हणतात. सल्लागारानं नेमकं काय करायचं असतं? पैसे किती मागायचे? मागायला संकोच वाटतो.
— एक निवृत्त शिक्षक, धडगाव

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र तीनदा वाचलं. संकोचाचं शेवटी बघू.

तुम्हाला बोलावणं का आलं, ते आधी सांगते. पूर्वी अशी कामं कायम संस्था करत. पुण्यात 1984 साली बालचित्रवाणी सुरू झाली, तिथे लेखक, निर्माते, कॅमेरामन पगारावर होते. 2017 मध्ये ती बंद झाली. काम मात्र संपलं नाही. ते प्रकल्पांमध्ये विखुरलं. प्रकल्पाला कायमची माणसं परवडत नाहीत, त्याला हवा असतो आठ महिन्यांचा जाणकार. तो म्हणजे सल्लागार.

हा जाणकार ध्वनिमुद्रणाचा असतो, असा सर्वांचा समज आहे. तसा माझाही होता. निवृत्तीनंतरचं माझं पहिलं काम बेरजेच्या पाठांचं होतं. शहरातल्या चांगल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं, गाण्याला ढोलकी, मुलांची हसण्याची ध्वनिपट्टी, हेडफोनवर ऐकताना मीच खूश. जुलै महिन्यात तो पाठ घेऊन डोंगरातल्या एका शाळेत गेले. पत्र्याचं छप्पर, वर पाऊस. लाउडस्पीकरमधून ढोलकी तेवढी ऐकू येत होती, आकडे तिच्याखाली गडप. पाऊस थोडा ओसरला तेव्हा पाठातल्या ताईनं विचारलं, ‘सात आणि पाच किती?’ मुलांनी बोटं उघडली. सात बोटं झाली, पुढची पाच कुठून आणायची म्हणून एकानं शेजाऱ्याचा हात धरला, तेवढ्यात स्पीकर ओरडला, ‘शाब्बास! बारा!’ शेजाऱ्यानं हात सोडवून घेतला. मी उत्तरासाठी दोन सेकंद सोडले होते. स्टुडिओत दोन सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. इतकी की, ध्वनिमुद्रक काचेपलीकडून हात हलवून विचारतो, काही बिघडलं का? त्या पोरांना नऊ सेकंद हवे होते. मी घड्याळ लावून मोजले.

रेडिओवरून मुलांकडून बोलवून घेत शिकवायचं, ही पद्धत जुनी आहे. 1970 च्या दशकात निकाराग्वात प्राथमिक गणितासाठी ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिचा सगळा कस सोडलेल्या शांततेत असतो. ती किती सोडायची, हे धडगावच्या दुसरीच्या वर्गात चाळीस वेळा उभं राहिलेल्या माणसाला कळतं. स्टुडिओवाल्यांना नाही, मलाही नाही. तुमची मुलं घरी पावरी, म्हणजे तिकडची आदिवासी बोली, बोलतात. ‘उरले’, ‘शिल्लक’, ‘बाकी’ यांतला कोणता शब्द त्यांना आधी कळतो, हे तुम्हाला विचारल्याशिवाय संहिता लिहिणारा अंधारात आहे. संस्था ज्याचे पैसे देते आहे ते हेच.

म्हणून तुमचं काम असं. संहिता लिहिण्याआधी लेखकाला चार दिवस शाळेत बसवायचं. पहिले तीन पाठ कच्चे करायचे, साध्या मोबाइलवर, संगीताशिवाय, आणि दोन शाळांत वाजवायचे; एक तुमच्या ओळखीची, एक अनोळखी. वाजवताना पाठाकडे बघायचं नाही, मुलांकडे बघायचं आणि संहितेच्या समासात लिहायचं : इथे बोलली, इथे गप्प, इथे खिडकीबाहेर. मग पाठ पुन्हा लिहून घ्यायचे. हे झाल्याशिवाय उरलेल्या 17 पाठांना हात लावू द्यायचा नाही. संस्था घाई करेल, मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो. तुम्ही अडून बसा.

आणखी एक. पाठाच्या वेळी वर्गातल्या शिक्षकानं काय करायचं, याचं पानभर टिपण प्रत्येक पाठासोबत द्या. 1956 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं चालवली होती. कार्यक्रम फक्त 20, तुमच्या पाठांइतकेच. टाटा समाजविज्ञान संस्थेनं पाहणी केली तेव्हा दिसलं की, जिथे लोक मिळून ऐकत आणि नंतर चर्चा करत तिथे माहिती भरपूर वाढली. नुसता रेडिओ होता तिथे थोडीच. आम्हा रेडिओवाल्यांना हे मान्य करायला जड जातं, पण पेटी एकटी फार काही करत नाही.

आता पैसे. मिनिटाच्या दरानं बोलू नका. ‘20 पाठ, 15 मिनिटांचे, म्हणजे 300 मिनिटं’ असा हिशेब ते मांडतील आणि तुमचे शाळेतले दिवस त्यात कुठेच दिसणार नाहीत. दिवस मोजा : लेखकासोबतचे, चाचणीचे, प्रवासाचे, संहिता वाचण्याचे. निवृत्तीच्या वेळचा महिन्याचा पगार 15 नं भागा, तो तुमचा दिवसाचा दर. 30 नं का नाही? कारण सल्लागाराला रविवार, रजा आणि आजारपण कुणी देत नाही. प्रवास आणि मुक्काम वेगळा. तीन हप्ते मागा : करार होताच, तीन पाठांची चाचणी झाल्यावर आणि शेवटी. शेवटचा हप्ता सर्वांत लहान ठेवा, कारण तो लटकतो. माझा एक शेवटचा हप्ता चौदा महिने लटकला होता. मी दर सोमवारी फोन करत असे; पुढे पुढे तिकडची मुलगी माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला लागली, पण पैसे काही सुटेनात. उद्गम कर (टीडीएस) कापून पैसे येतील, घाबरू नका, विवरणपत्र भरताना त्याचा हिशेब होतो.

करारात दोन ओळी बघून घ्या. दुरुस्त्या किती वेळा, तो आकडा लिहून घ्या. मी दोन लिहिते. आणि हक्क. तुमच्या गोष्टी ते पाठांत वापरणार असतील तर त्या तुमच्या आहेत. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे, त्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. बहुतेक छापील करारांत ‘कायमस्वरूपी, जगभर’ असं असतं आणि लोक न वाचता सही करतात. कुठल्या गोष्टी देताय आणि किती वर्षांसाठी, ते नावानिशी लिहा.

राहिला संकोच. गुरुजी, ध्वनिमुद्रक पैसे मागताना संकोचत नाही, ढोलकीवाला तर आधी घेतो. तुम्ही दर कागदावर लिहून पाठवा, तोंडी बोलू नका. तोंडी बोललात की ‘समाजकार्य आहे’ हे वाक्य येणारच आणि तुम्ही निम्म्यावर याल.

पहिल्या तीन पाठांची चाचणी झाली की मला कळवा. ध्वनिफीत नको, समासात लिहिलेली ती संहिता पाठवा, पेन्सिलीनं लिहिलेली असली तरी चालेल. पत्रं नेहमीप्रमाणे 10 तारखेच्या आत.