भाडेकरूसकट बर्लिनमधला फ्लॅट घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला असा कळला: तुम्ही निपाणीत, मेहुणे बर्लिनला. तिथल्या श्पांडाऊ भागात दोन खोल्यांचा फ्लॅट विकायला आहे. आत जुना भाडेकरू आहे म्हणून रिकाम्या फ्लॅटपेक्षा स्वस्त मिळतोय. घ्यावा का, आणि दोन-तीन वर्षांनी मुलगी तिकडे शिकायला गेली की भाडेकरूला काढून तिला ठेवता येईल का?

मी बेळगावातल्या टिळकवाडीचा. श्पांडाऊमध्येच माझा असा भाडेकरूसकट घेतलेला फ्लॅट आहे. माझं मत सांगतो. युरोत भाडं यावं म्हणून घेत असाल तर जरूर विचार करा. मुलीसाठी घेत असाल तर हा फ्लॅट सोडा.

जर्मनीत घर विकलं म्हणून भाडेकरार मोडत नाही. कागदावर जुन्या मालकाच्या जागी तुम्ही येता, भाडं आणि अटी आहेत त्याच राहतात. करारही बहुतेक बेमुदत असतात. आपल्याकडच्या ११ महिन्यांच्या कराराचा हिशेब तिथे चालत नाही.

स्वतःला किंवा जवळच्या घरच्यांना राहायला हवं म्हणून मालकाला नोटीस देता येते, त्यात मुलगी बसते. मेहुण्यांनी तुम्हाला एवढंच सांगितलं असणार. अडचण पुढे आहे. भाडेकरू राहत असतानाच इमारतीचे कागदोपत्री वेगवेगळे फ्लॅट केले आणि मग विकले, तर त्या पहिल्या विक्रीपासून काही वर्षं अशी नोटीस देताच येत नाही. कायद्यात ही मुदत ३ वर्षांची आहे, बर्लिनमध्ये ती १० केली आहे. तेवढ्यात मुलीचं शिक्षण होऊन ती नोकरीला लागलेली असेल. शिवाय अशा पहिल्या विक्रीत त्याच किमतीला फ्लॅट घ्यायचा पहिला हक्क भाडेकरूचा असतो, त्याला विचार करायला दोन महिने मिळतात.

म्हणून एजंटला दोनच तारखा विचारा: कागदोपत्री वेगळे फ्लॅट कधी केले, आणि भाडेकरू कधी राहायला आला? भाडेकरू नंतर आला असेल तर ही बंदी लागत नाही. तरी नोटीस मोठी असते. भाडेकरूला ५ वर्षं होईपर्यंत ३ महिने, त्यानंतर ६, आणि ८ वर्षं झाली की ९ महिने. माणूस म्हातारा किंवा आजारी असेल तर तो हरकत घेतो आणि प्रकरण कोर्टात जातं. खोटं कारण देऊन काढलं तर भरपाई अंगावर येते.

आपल्या भागात घरातल्या जुन्या माणसांना भाडेकरू म्हटलं की कूळ आठवतं. १९७४ साली सात नंबरचा फॉर्म भरून कुळं मालक झाली, ते निपाणीच्या बाजूला कुणी विसरलेलं नाही. तुमच्या वडिलांनी याच भीतीने नको म्हटलं असेल, तर त्यांना सांगा की तिकडे भाडेकरू नुसता राहिला म्हणून मालक होत नाही. तो फक्त निघत नाही, आणि भाडंही तुमच्या मनासारखं वाढत नाही. त्या भागातल्या तशाच घरांचं जे चालू भाडं धरतात, त्याच्या वर वाढवून मागता येत नाही. त्यातही बर्लिनमध्ये ३ वर्षांत १५ टक्क्यांची मर्यादा. ५०० युरोचे ५७५ व्हायला तीन वर्षं, तेही चालू भाडं तेवढं असेल तर. फ्लॅट स्वस्त आहे तो यामुळे.

जाहिरातीतल्या भाड्यावर जाऊ नका. इमारतीच्या व्यवस्थापनाला मालक दरमहा पैसे भरतो. त्यातला हीटिंग, कचरा, जिन्याची सफाई असा भाग भाडेकरूकडून घेता येतो, पण व्यवस्थापकाची फी आणि दुरुस्तीचा फंड तुमच्या खिशातून. मागच्या तीन वर्षांची मालकांच्या बैठकीची इतिवृत्तं मागवा आणि मेहुण्यांना शब्दन् शब्द वाचायला लावा. छप्पर, लिफ्ट, बॉयलर यांची चर्चा चालू असली की जादा वर्गणी येणारच. मी फोटो बघण्याआधी हीच वाचली होती.

भाडेकरूची अनामतही बघा. ती तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत असू शकते. जुन्या मालकाने ती तुमच्याकडे दिली नाही तरी भाडेकरू निघताना परत तुम्हीच करायची. खरेदीपत्रात त्याचं कलम घालून घ्या.

किमतीवरचा खर्च: बर्लिनमध्ये खरेदीवर ६ टक्के कर, पलीकडे शेजारच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात ६.५. नोटरी आणि नोंदणी मिळून दीड ते दोन टक्के. एजंट असेल तर बहुतेक ३.५७ टक्के. २ लाख युरोचा फ्लॅट सव्वादोन लाखाच्या आसपास पडतो. रोख तर विसराच, एप्रिल २०२३ पासून तिथे घराचे पैसे रोखीने देता येत नाहीत.

आता आपल्या बाजूचं. परदेशी पैसे पाठवायची मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. कमी पडले तर बायकोच्या नावावरूनही पाठवता येतात, पण मग खरेदीत तिचं नाव हवं. तंबाखूचा धंदा भागीदारीत किंवा एचयूएफच्या (एकत्र कुटुंबाच्या) नावावर असेल तर त्या खात्यातून थेट पाठवता येत नाही, ही सोय फक्त व्यक्तीला आहे. यासाठी इथली बँक कर्जही देत नाही. वर्षाला १० लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोपर्यंत अडकतो, म्हणून तेवढे पैसे वेगळे धरून ठेवा.

सहीसाठी मेहुण्यांना वटमुखत्यारपत्र द्यायचं तर ते निपाणीच्या नोटरीचं चालणार नाही. आपलं अपोस्टील, म्हणजे परदेशासाठी कागदावर मिळणारा सरकारी शिक्का, जर्मनी मानत नाही. जर्मन वकिलातीत जाऊन सही साक्षांकित करून घ्या. सीमाप्रश्नाचं काय व्हायचं ते होवो, या कामाला आपण बंगळूरकडे येतो. वेळ घेऊन ठेवा आणि रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडा.

कराबाबत एक गोष्ट तिकडचे एजंट सांगत नाहीत, कारण त्यांना ती माहीतच नसते. दहा वर्षांनी विकलं की जर्मनीत नफ्यावर कर नाही, असं ते म्हणतात. खरं आहे, पण तुम्ही भारताचे रहिवासी, इथे तो नफा करपात्रच. दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवून विकलं तर १२.५ टक्के. भाड्याचंही तसंच: तिकडे इमारतीचा घसारा वजा होऊन कर कमी बसतो, इथे घसारा मिळत नाही, सरसकट ३० टक्के वजावट मिळते. म्हणजे इथे काही भरावंच लागेल, तिकडे भरलेला कर त्यातून वजा होतो. आणि दरवर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा. राहिला तर दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या सीएने हे काम आधी केलंय का, हे विचारून घ्या.

मुलीसाठी मेहुण्यांना विद्यार्थी वसतिगृहाची चौकशी आत्ताच करायला सांगा. बर्लिनमध्ये तिथली यादी फार लांब असते.