पूर ओसरला की घाटावर जा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे चाळीस फोटो मिळाले. फार सुंदर आहेत, पण घाटाच्या दगडी पायऱ्यांवर नजर ठेवायच्या आपल्या कामाचे जेमतेम तीन. बाकीच्यांत कोवळं ऊन आणि धुकं. यापुढे कंटाळवाणे फोटो काढ. बारा जागा ठरव, खडूने खुणा करून नव्हे, वहीत नकाशा काढून, आणि दर वेळी त्याच जागी उभी राहून तोच चिरा टिप. शेजारी फूटपट्टी ठेव. पाच वर्षांनी त्या वहीचं मोल कळेल.

वाईपासून सुरुवात केलीस ते उत्तम. ढोल्या गणपतीला समोरून नमस्कार कर आणि लगेच देवळाच्या मागे जा. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं तेव्हा मागची भिंत माशाच्या आकाराची ठेवली, कृष्णेचा लोंढा तिच्यावर फुटून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून. मला विचारशील तर वाईतलं सगळ्यात शहाणं बांधकाम ते. मेणवलीलाही खरं बघायचं ते माणसं बघत नाहीत. चिमाजीअप्पांच्या १७३९च्या वसई-विजयानंतर आलेली पोर्तुगीज घंटा बघायला माणसं नाना फडणवीसांच्या घाटावर येतात, घंटेचा फोटो काढतात आणि पायऱ्यांकडे न बघता परत जातात.

आता मुख्य गोष्ट. पाणी चढायला लागलं की पुलावर गर्दी होते. त्या गर्दीत तुझं काम नाही. घाट बहुधा बिघडतो तो पूर उतरताना. पायऱ्यांच्या मागे माती-मुरुमाचा भराव असतो. पुरात तो पाणी पिऊन फुगतो. नदी भराभर खाली जाते, भरावातलं पाणी मात्र तेवढ्या लवकर निघत नाही, आणि ते आतून चिऱ्यांना बाहेर रेटतं. जुन्या चुन्याच्या सांध्यांतून ते निदान झिरपत तरी होतं. सांधे सिमेंटने बंद केले की त्याला वाटच उरत नाही. मग भिंतीला पोट येतं, आणि एखाद्या पावसाळ्यात चारदोन चिरे सुटून नदीत जातात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका घाटाचे सांधे सिमेंटने भरायच्या कागदावर माझीही सही होती. काम चकचकीत झालं, गावाने नारळ फोडला. चौथ्या पावसाळ्यानंतर गेलो तर मधल्या सात पायऱ्या बाहेर आलेल्या. कुठला घाट ते भेटल्यावर सांगेन, पत्रात नको.

म्हणून पाणी उतरलं की दोन दिवसांत जा. चिखल धुवायच्या आधी गेलीस तर उत्तम, कारण पाणी कुठून झिरपतंय ते ओल्या चिखलात आपोआप दिसतं. कुठून माती वाहून बाहेर येतेय का बघ, पाण्यासोबत माती आली म्हणजे आत पोकळी होतेय. भेग दिसली तर तिच्यावर आडवी पातळ काचेची पट्टी प्लास्टरने चिकटव आणि तारीख लिही. काच तडकली म्हणजे भेग अजून चालती आहे. वर धोमचं धरण आहे, तेव्हा विसर्ग कधी वाढवला, कधी कमी केला त्या वेळाही वहीत हव्यात. सगळ्यात खालच्या पायरीचा पाया मात्र उन्हाळ्यातच बघायला मिळतो. मे महिन्याची एक फेरी चुकवू नकोस.

सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर उत्साहाने उपटू नकोस. मूळ आत गेलं असेल तर चिराही हलतो. नोंद कर, कळव.

आणि हो, धुणं धुवायला येणाऱ्या बायकांशी ओळख ठेव. कुठला दगड पायाखाली डुगडुगायला लागला ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. गुरवांना विचार, पण त्यांच्या देवाच्या शेंदराबद्दल पहिल्याच दिवशी बोलू नकोस. मी बोललो होतो. वर्षभर कुणी मला चहा विचारला नाही.

पात्रात, वाळूच्या उपशात कधी मूर्ती, वीरगळ म्हणजे वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड, नाणी वर येतात. तसं काही दिसलं तर घासून-धुऊन बघू नकोस, घरी आणू नकोस. कुठे, किती खोल, कोणत्या तोंडाने पडलंय ते लिही आणि तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळव. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीतून निघालेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. माणसं याला घाबरून वस्तू परत नदीत टाकतात, म्हणून ज्याला वस्तू सापडली त्याच्यासोबत तू कचेरीत जा.

मेच्या शेवटी येतो आहे. काचेच्या पट्ट्या मी आणतो, तू वही आण. फोटो मोबाइलमध्ये राहू देत, मला वही बघायची आहे.

तुझा,
काका